मृगातला गुलाबी ढग

चेन्नईतल्या आमच्या वेस्ट मांबलमच्या गच्चीवरचे डास एवढे दांडगे, की एखादा दुर्बिणीपुढून गेला की मी ग्रहण समजून घड्याळ बघायचो. असलं काही सांगितलं की शेजारचे मामा पोट धरून हसायचे. मामा तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले, रेल्वेतून निवृत्त. अख्खी इमारत त्यांना मामाच म्हणते. दुर्बीण त्यांची, कॅमेरा माझा, आणि थापाही माझ्याच. त्यातली एक थाप मला अजून गिळता येत नाही.

फेब्रुवारीत संध्याकाळी आठला मृग नक्षत्र डोक्यावर येतं. त्याच्या बाणाखाली तेजोमेघ आहे, वायूचा अवाढव्य ढग. आम्ही त्याचे दोनेकशे फोटो काढले. सुटा फोटो म्हणजे नुसता रवा: पलीकडच्या गिंडी भागातल्या दिव्यांचा नारिंगी उजेड आणि त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे लाल-निळे ठिपके. पुष्कळ फोटो एकावर एक रचले की रवा विरतो, ढग उरतो. हट्टी ठिपके वजा करायला झाकण लावून काळे फोटोही घ्यावे लागतात, तेही त्याच गच्चीवर, त्याच उकाड्यात, कारण कॅमेरा तापला की ठिपके वाढतात. मी मात्र ते घेतले खाली हॉलमध्ये, एसी लावून, दहीभात खात.

थंड कॅमेऱ्याच्या त्या काळ्या फोटोंनी ठिपके अर्थातच जागचे हलले नाहीत. मग कॉम्प्युटरवर नॉइज, म्हणजे हा रवा, घालवायची पट्टी टोकापर्यंत ओढली. ठिपके गेले, ढगाच्या सुरकुत्या गेल्या, रंगही गेला. उरलं सोललेलं अंडं. म्हणून रंगाची पट्टीही टोकाला नेली. ढग असा पेटला की बायको म्हणाली, "अगोबाई, हा तर माझ्या कांजीवरमचा काठ!"

मामांनी तो फोटो बराच वेळ पाहिला.

"तंबी, मला दुर्बिणीतून राखेसारखा दिसला रे. तुला?"

"मला? थेट असाच! कुणीतरी गुलकंदाची बरणी लवंडलीय म्हटलं!"

मामा हसले नाहीत. "सरि, सरि," म्हणजे बरं बरं, एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

त्यानंतर ते गच्चीवर आलेच नाहीत. कधी गुडघा, कधी पाहुणे. दोन आठवड्यांनी मामी दुर्बिणीची पेटी घेऊन दारात.

"ठेवून घ्या तुम्ही. डोळे गेले म्हणतात. डॉक्टर सांगतात काही नाही झालं, तर म्हणे डॉक्टरला काय कळतं! पेपरसुद्धा मीच वाचून दाखवते."

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. तरी पेटी मी घेतली. चार दिवस ठेवली. एका संध्याकाळी वापरलीसुद्धा. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मामांकडे गेलो आणि एक सुटा, कच्चा फोटो उघडला.

"हा कसला घाणेरडा?" मामा म्हणाले.

"खरा. कॅमेऱ्यातून आला तसा." मग पट्ट्यांचं सांगितलं, एसीचं सांगितलं. "आणि मामा, इतक्या अंधुक उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाही. कुणाच्याच."

"मग तुझा तो गुलकंद?"

"मलाही राखच दिसली."

मला वाटलं, हसतील, नाहीतर एक ठेवून देतील. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"रोज उठलो की कॅलेंडरवरचा रविवार लाल दिसतोय का बघायचो," ते म्हणाले. "लाल दिसायचा. तरी वाटायचं, सवयीनं दिसतोय."

मामींनी कॉफी आणली. ती मी तोंड भाजत एका घोटात संपवली.

पुढच्या आठवड्यात मामा वर आले. काळे फोटो आम्ही गच्चीवरच घेतले, घाम पुसत, तासभर. या वेळी नॉइजची पट्टी जेमतेम हलवली. थोडा रवा राहिला, पण सुरकुत्या टिकल्या, आणि कडेला फिकट, मातकट गुलाबी रंग आला. जेवढा कॅमेऱ्यानं खरंच टिपला होता तेवढाच.

आता दुर्बिणीला आधी मामा डोळा लावतात. काय दिसलं ते पुटपुटतात, वहीत लिहितात. मग मी बघतो. तुला काय दिसलं, असं ते मला विचारत नाहीत.