हातकणंगल्याच्या माळावरच्या पंधरा फेऱ्या

विलासचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. फेब्रुवारीतला दुसरा रविवार मोकळा ठेव म्हणाला. हातकणंगल्याजवळ माळावर गाड्यांची रेस होती आणि तो स्वतः उतरणार होता. मी कामाची सबब सांगायला लागलो, तर म्हणाला, "शिऱ्या, जमीन इकली जाणार हाय. परत रेस न्हाय. ये." मग मी सबब गिळली.

विलास कांबळे आणि मी पॉलिटेक्निकला तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मी पुण्यात नोकरीला लागलो. त्यानं कोल्हापुरात उद्यमनगरात दोन लेथ टाकले आणि हळूहळू जुन्या गाड्यांच्या इंजिनांसाठी लोक त्याच्याकडे लांबून यायला लागले. त्या रेसला आता दोन वर्षं झाली. या ब्लॉगवर मी कोकण लिहिलं, हंपी लिहिलं, ही सहल मात्र लिहायची टाळत आलो.

शनिवारी सकाळी सहाची स्वारगेटहून कोल्हापूर गाडी पकडली. चौपदरीचं काम बऱ्यापैकी उरकलं होतं, तरी कराडच्या आसपास वळणरस्ते होतेच. साडेपाच तास धरून चाला. वाटेत पोट भरू नका. स्टँडवर उतरलात की मागच्या गल्लीत मिसळ खा आणि कट जपून मागा. मी जपून मागितला नाही, आणि दुपारपर्यंत पाणी पीत होतो.

वर्कशॉपात विलासनं गाडी दाखवली. भंगारातून आणलेली जुनी फियाट. काचा काढलेल्या, दारं वेल्डिंगनं बंद केलेली, आत पाइपांचा पिंजरा, एकच सीट. खिडकीतून आत शिरायचं. बॉनेटवर हात ठेवून तो एकेक भाग समजावत होता. ब्रेक त्यानं स्वतः बसवले होते आणि त्यांच्यावर त्याचा फार जीव होता. बोलत बोलत तो मागच्या दाराकडे चालत गेला. त्याच्या उजव्या पायातली चप्पल वाटेतच निघून राहिली होती. लोखंडाच्या किसावरून तो तसाच अनवाणी गेला. मी हाक मारून सांगितलं तेव्हा त्यानं खाली पाहिलं, हसला, आणि परत येऊन चप्पल घातली.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो आंघोळीला गेल्यावर सुनीतावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि समोरच बसल्या. विलासला आठ वर्षं साखरेचा आजार आहे हे मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. उजवा पाय घोट्याखाली बधिर झाला होता. मागच्या महिन्यात गरम लोखंडावर पाय पडला, ते जळाल्याचा वास आल्यावर कळलं. डॉक्टरांनी मोटारसायकलसुद्धा बंद करायला सांगितलं होतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून विलासनं त्यांना शपथ घातली होती.

"भावजी, माझं ऐकत न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकतील. उद्या गाडीत बसू नका म्हणून सांगा एवढं."

मी बोलतो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

रात्री जेवताना बोललो नाही, कारण वहिनी समोर होत्या. रविवारी सकाळी फियाट टेंपोत चढवून निघालो. केबिनमध्ये टेंपोवाला, विलास आणि मी. टेंपोवाल्यासमोर कसं बोलायचं, असं मनाशी म्हटलं. पण वाटेत तो डिझेल भरायला उतरला आणि दहा मिनिटं आम्ही दोघेच होतो. विलास खिडकीबाहेर बघत सांगत होता की सहा वर्षांत तो कधी पहिल्या तिघांत आला नाही, पण या खेपेला गाडी तशी जमलीय. त्याचा चेहरा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या दिवशी होता तसा दिसत होता. त्यावर पाणी ओतणं माझ्यानं झालं नाही. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण त्याहून लहान आहे. मी पुण्याहून रेस बघायला आलो होतो आणि मला ती बघायची होती.

कोल्हापूरहून हातकणंगले तासाभरात होतं. मिरजेकडे जाणारी पॅसेंजर तिथं थांबते, स्टेशनवरून रिक्षा मिळते. माळावर ट्रॅक्टर आणि रोलर फिरवून लंबगोल धावपट्टी केलेली. एक फेरी जेमतेम चारशे मीटर. धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारत होता. कडेनं जुन्या टायरांची भिंत, त्यामागे बांधावर दीड-दोन हजार माणूस. भडंग, उसाचा रस, भजी, सगळं होतं. तिकीट वीस रुपये. माझ्या शेजारचे एक म्हातारबा मला नियम समजावत होते. "घासाघासी चालत्या, पावणं. मुद्दाम ठोकायचं न्हाय. पर मुद्दाम कुठलं आणि चुकून कुठलं, ते बगणारा कोण?"

सात गाड्या होत्या, पंधरा फेऱ्या मारायच्या. त्यातली पांढरी मारुती अभय चौगुले या पोराची. गुळाचे व्यापारी असलेल्या जैन घरातला, चोवीस वर्षांचा, नुकताच इंजिनिअर झालेला. त्याचं इंजिन विलासनंच बांधून दिलं होतं. सुरू व्हायच्या आधी तो विलासला विचारायला आला की दुसऱ्या वळणाला गिअर कुठला ठेवू. विलासनं त्याला नीट सांगितलं, वर हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. अभयचे वडील बांधावर छत्री घेऊन उभे होते. मुलगा गाडीत शिरला तसं त्यांनी तिकडं बघायचं बंद केलं.

निशाण पडलं आणि पहिल्या दोन फेऱ्यांत मी वहिनींना विसरलो. खोटं कशाला सांगू. आवाज छातीत बसत होता, वळणावर गाड्या आडव्या होऊन घसरत होत्या, ओल्या मातीचे लपके बांधावर येत होते. आठव्या फेरीला विलास तिसरा होता. दहाव्याला दुसरा. पुढं फक्त अभय. म्हातारबांनी माझा खांदा धरला होता आणि मी विलासच्या नावानं ओरडत होतो.

बाराव्या फेरीला दुसऱ्या वळणावर सगळ्या गाड्यांचा आवाज खाली आला, फियाटचा आला नाही. वेग कमी करायच्या जागी ती तशीच आत शिरली, बाहेर घसरली आणि मारुतीच्या कुशीत बसली. दोन्ही गाड्या टायरांच्या भिंतीवर गेल्या. मारुतीची उजवी बाजू, ड्रायव्हरची, भिंतीत चेपली. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही.

विलास खिडकीतून बाहेर आला. त्याला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. अभयला काढायला वीस मिनिटं लागली; पहारीनं पत्रा वाकवावा लागला. तो ओरडत नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा विचारत होता की पाय हाय का. त्याचे वडील छत्री तशीच उघडी धरून खाली आले होते.

संयोजकांतल्या एकानं विलासला काय झालं विचारलं. मी दोन हातांवर होतो.

"बिरेक लागला न्हाय," विलास म्हणाला.

ज्या माणसानं ब्रेकच्या एकेका स्क्रूची माहिती मला आदल्या दिवशी दिली होती, त्यानं स्वतःच्या हातच्या कामावर ठपका घेतला, पण पायाचं नाव काढलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक आहे, हे त्याला तेव्हा कळलं. मी मान खाली घातली.

अभयला कोल्हापुरात दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि गुडघ्याचा चुरा झाला होता. संध्याकाळी सुनीतावहिनी तिथं आल्या. विलास बाकावर बसला होता, त्याच्याजवळ न जाता त्या माझ्याकडे आल्या. जिन्यापाशी थांबून त्यांनी एकच विचारलं, "बोललासा का त्यांच्याशी?"

"बोललो," मी म्हणालो. "ऐकलं नाही त्यानं."

त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याकडे गेल्या. मी सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत आलो. पाच तासांत एकदाही खिडकीबाहेर बघितल्याचं आठवत नाही, त्यामुळे परतीच्या रस्त्याबद्दल लिहायला माझ्याकडे काही नाही.

पुढचं थोडक्यात. अभयची तीन ऑपरेशनं झाली. तो काठी घेऊन चालतो, गुडघा वाकत नाही. चार महिन्यांनी विलास एकटाच त्यांच्या घरी गेला आणि आपल्या पायाचं खरं काय ते अभयच्या वडिलांना सांगितलं. वडील उठून आत निघून गेले. अभयनं त्याला बसा म्हटलं. एवढंच झालं. गाड्यांचं काम विलासनं सोडलं, आता फक्त लेथ चालवतो. माळावर प्लॉट पडलेत. रेस शोधत जाल तर हाती काही लागायचं नाही.

मी मधल्या काळात दोनदा कोल्हापूरला गेलो. वहिनींनी दोन्ही वेळा पांढरा-तांबडा रस्सा केला, आग्रह करून वाढलं. मी जेवून आलो.

हे लिहून झाल्यावर ब्लॉगवर टाकायच्या आधी त्यांना फोन केला. त्या दिवशी मी विलासशी काहीच बोललो नव्हतो, तुमच्याशी खोटं बोललो, असं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "ठावं हाय, भावजी. त्याच दिवशी घरी आल्यावर मी ह्यास्नी इचारलं हुतं."

मग मला कधी बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"बोलून काय करणार हुते?" त्या म्हणाल्या. "वाट बगत हुते, तुमी कवा सांगतासा त्याची."

नंतर त्यांनी पुण्यात थंडी कशी आहे ते विचारलं, आणि मी सांगितलं.