फ्लेक्सच्या मागचे रांजण

जठारपेठेतल्या ऑटो स्टँडवर लावलेला दाविदमामाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स आज सकाळी मीच काढला.

चर्चच्या कमिटीतल्या ज्यांना राग आला असेल त्यांनी आईला फोन करू नये. इथं कमेंट करा.

मामाला ओळखत नसाल तर सांगते. माझा सख्खा मामा. एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. चौदा उन्हाळे त्यानं या स्टँडवर निंबाखालचे तीन रांजण भरले.

अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. नळ रोज येत नाही. घरच्या टाकीतलं पाणी कॅनमध्ये भरून हा माणूस सायकलवर आणायचा.

आणि लोकांनी काय केलं?

तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून तेच हात रांजणात बुडवले. ओगराळं साखळीसकट नेलं. "ख्रिश्चन आहे, पाण्यात काहीतरी टाकतो," असंही पसरवलं.

मग आमची कमिटी. इतक्या वर्षांत एक कॅन उचलला नाही. पण मामा एकदा लग्नाला वरूडला गेला, तर यांनी त्याच्यामागे रांजणांवर चर्चच्या नावाचा बोर्ड ठोकला. मामानं आधी दोनदा नको म्हटलं होतं.

दोन दिवसांत कोणीतरी दोन रांजण फोडले.

कमिटी म्हणाली, या लोकांसाठी काही करण्यात अर्थ नाही, बंद करा.

मामानं बोर्ड काढला. खापरं गोळा केली. नवे रांजण आणले.

मी विचारलं, "मामा, कोनं फोडले मालूम हाय ना तुले?"

"हाय मालूम."

"मंग?"

"मंग का? त्याले तहान लागत नसन का?"

मामा संत वगैरे नव्हता. भयंकर चिडायचा. प्रार्थनेत प्रभूशी भांडायचा, बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. "प्रभू, आता माह्याच्यानं होत नाही. तूच पाह्य."

आणि सकाळी पुन्हा सायकल बाहेर.

मागच्या उन्हाळ्यात त्याचे सुजलेले गुडघे पाहून मीच म्हणाले, "बास कर मामा. कोनाले पडली हाय?"

"थकाले मनाई नाही पोरी. सोडाले हाय."

एवढं म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आठ दिवसांपूर्वी गेला. ऐन एप्रिलमध्ये.

मातीनंतर अमरावतीला परतले होते, आज पुन्हा आले. ऑटोतून उतरले तर समोर हा भलामोठा फ्लेक्स. कधी न घातलेल्या टायमधला मामा. "निःस्वार्थ जलसेवक." खाली कमिटीचे नऊ जण, हात जोडून.

बांधला कुठं? त्याच निंबाला. बरोबर रांजणांवर. रांजण दिसतच नव्हते.

एक म्हातारी आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. तिनं फ्लेक्स बाजूला सारला, ओगराळं आत घातलं. तळाशी खण्ण वाजलं.

तिनं फ्लेक्स नीट पहिल्यासारखा केला आणि तशीच उन्हात गेली.

माझं डोकंच फिरलं. दोऱ्या सोडायला लागले.

"ताई, काहून काहाडून राहिल्या?" एका ऑटोवाल्यानं विचारलं.

"सावली कराची हाय रांजनाले."

त्यानं दुसरी दोरी धरली. फ्लेक्स उलटा केला, पांढरी बाजू वर, आणि रांजणांवर छतासारखा ताणून बांधला. मग त्याच्याच ऑटोतून कॅन आणले. तिन्ही रांजण भरले.

मामाचा फोटो आता खाली पाण्याकडे बघतोय. त्याला तसंच आवडलं असतं.

मी अमरावतीला नोकरी करते, रोज येऊ शकत नाही. शनिवार-रविवार माझे. बाकीचे पाच दिवस कोण?

फ्लेक्सवर नऊ जणांनी हात जोडलेत. त्यातल्या पाच जणांनी सोडले तरी आठवडा भागेल.

मामा, मागच्या वर्षी "बास कर" म्हणाले. चुकलं माझं.

रांजण भरलेत. जा आता, गुडघ्यांना आराम दे.