नव्याचं ताट, बाहेरचा चहा

मावशीच्या कॅन्टीनमध्ये दोन रिवाज होते आणि दोन्हींचा सगळ्या बस डेपोला भारी अभिमान होता. पहिला म्हणजे नव्याचं ताट. डेपोत सगळ्यांत शेवटी नोकरीला लागलेला माणूस, मग तो ड्रायव्हर असो, झाडूवाला असो की वरच्या मजल्यावरचा साहेब, दुपारी सगळ्यांच्या आधी जेवणार. बाकीच्यांनी हात धुऊन गप बसायचं. नव्याने चार घास खायचे, मग मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहणार आणि विचारणार, काय कमी, काय जास्त. त्याने खरं ते सांगायचं. मावशी आत जाऊन दुरुस्ती करणार आणि मगच बाकीच्यांची ताटं वाढली जाणार. डेपोत आणखी कुणी नवा येईपर्यंत हा मान त्याचाच.

दुसरा रिवाज चहाचा. मावशीचा चहा कुणीही आत बसून प्यायचा नाही. कप घ्यायचा, मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि भिंतीशी उभं राहून प्यायचा. ऊन असो, पाऊस असो, लोक कप घेऊन निमूटपणे बाहेर जात.

हे रिवाज कुठून आले, यावर प्रत्येकाचं आपापलं मत होतं. युनियनचा पुढारी दरवर्षी भाषणात सांगायचा की नव्याचं ताट ही कामगारांच्या एकजुटीची खूण आहे. गेटवरचा पहारेकरी छातीठोकपणे सांगायचा की पूर्वी एक मॅनेजर वेश पालटून नव्या क्लीनरच्या रूपात आला होता, त्याला उपाशी ठेवलं गेलं, तेव्हापासून हे सुरू झालं. या पहारेकऱ्याच्या बहुतेक गोष्टींत कुणीतरी वेश पालटून येतच असे, त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेत नव्हतं.

पण या बाबतीत डेपोत खरा अधिकार एकाच माणसाचा होता. तो म्हणजे गाड्यांच्या येण्याजाण्याची वेळ आणि माणसांची हजेरी नोंदवणारा कारकून. त्याला सगळे उगमकाका म्हणत. काकांना खाण्यापेक्षा खाणं कुठून आलं याची भूक जास्त. पानात गाजर दिसलं की ते सांगणार, पूर्वी गाजरं जांभळी असायची, केशरी रंग नंतरचा. टोमॅटो दिसला की सांगणार, कित्येक ठिकाणी लोक याला विषारी समजून नुसते शोभेला लावायचे. बटाटा आणि मिरची जगाच्या या बाजूला पाचशे वर्षांपूर्वी कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. काट्याने खायची पद्धत आली तेव्हा धर्मगुरू खवळले होते, देवाने बोटं कशाला दिली म्हणून. शेजारचा माणूस बिचारा भुकेने कळवळत असायचा, पण काका त्याला घास घेऊ देतील तर शपथ. शेवटी मावशीनेच तोडगा काढला. कॅन्टीनच्या भिंतीवर एक जुना फळा टांगला आणि सांगितलं, जे काय आहे ते यावर लिहा आणि लोकांना सुखाने जेवू द्या.

तेव्हापासून दर सोमवारी फळ्यावर नवा उगम येऊ लागला. बाहेरच्या चहाचा उगमही काकांनी एकदा लिहून टाकला होता: ड्रायव्हरला आपली गाडी नजरेसमोर असलेली बरी वाटते. लोकांनी तो वाचला, एकमेकांकडे पाहिलं आणि कप घेऊन बाहेर गेले. मावशीला मात्र ते मनापासून पटलं होतं. नव्याच्या ताटाबद्दल काकांनी इतक्या वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं आणि मावशीला तेच हवं होतं. कारण त्याचा उगम एकट्या तिलाच माहीत होता.

एक तप होऊन गेलं त्याला. मावशीला मोठा ताप आला होता. महिनाभर अंथरुणाला खिळून ती उठली आणि पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये येऊन तिने रश्श्याचा थेंब तळहातावर घेऊन चाटला. काहीच नाही. पुन्हा चाटला. कोमट पाणी. कांदा हुंगला, डिझेलने माखलेल्या मेकॅनिकच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नाक आणि जीभ दोन्ही कामावरून गेलेली. होईल चार दिवसांत ठीक, असं तिने स्वतःला सांगितलं, पण आता समोर भुकेली माणसं बसली होती आणि रश्श्यात मीठ पडलंय की नाही तेही तिला आठवत नव्हतं. जुन्यांना विचारावं तर ते म्हणणार, मावशीचा हात बिघडला. त्याच आठवड्यात एक टायरवाला नव्याने लागला होता. त्या गड्याला मावशीच्या हातची चवच ठाऊक नव्हती, म्हणजे बिघडली हे कळण्याचा प्रश्नच नव्हता. तिने त्याला पुढे बोलावलं. तू नवा, म्हणजे आमचा पाहुणा, आधी तू जेव, म्हणाली. तो चार घास खाऊन म्हणाला, मीठच नाही. दुसऱ्या दिवशीही तिने त्यालाच आधी बसवलं. आठवडा संपेपर्यंत बाकीचे आपणहून थांबायला लागले आणि डेपोला रिवाज मिळाला.

चव काही परत आली नाही. मावशी डोळ्यांनी आणि कानांनी रांधायला शिकली. कांद्याचा रंग, तेलाचा आवाज, भाताची शितं. उरलेलं नवा सांगायचा. या डेपोत भरती होणारी माणसं फार सडेतोड असतात, याचं तिला नेहमी नवल वाटायचं. कालचं पोरगं असो की पन्नाशीचा गृहस्थ, बेधडक सांगायचे की आंबट झालंय, तिखट कमी पडलंय. चव गेल्याचं तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला तर तिच्या आजारपणापासून हावरटपणा सुटला होता. घरी ती वाढायच्या आधीच तो चमचा घेऊन पातेल्यापाशी हजर असायचा. तिने त्याला कितीदा सुनावलं होतं, पण त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

असं सगळं बेमालूम चाललं होतं आणि एका सोमवारी तिने मान वर करून फळा पाहिला. काका त्या शनिवारी निवृत्त होणार होते. फळ्यावर लिहिलं होतं: शनिवारी शेवटचा उगम. नव्याचं ताट.

मावशीच्या हातातला डाव पातेल्यात पडला. इतकी वर्षं झाकलेलं आता हा बाबा उघडं करणार, आणि उघडं झालं की साहेब काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं. जिला चव कळत नाही ती कसली स्वयंपाकीण? आंधळ्याच्या हाती गाडी देण्यातला प्रकार. कॅन्टीनशिवाय आपण कोण, असा विचार तिने कधी केलाच नव्हता. तो आता भाजी चिरताना, घरी जाताना, अंथरुणावर पडल्यावर येऊ लागला. त्यात काका रोज खिडकीशी येऊन विचारायचे, मावशी, तुम्हाला काही आठवतं का हो, हे कसं सुरू झालं? मावशी रोज म्हणायची, मला काय माहीत, माझ्या आधीपासूनचं असेल. हे खोटं इतकं उघड होतं की ऐकून शेजारी उभा असलेला तो जुना टायरवालासुद्धा आपल्या बुटांकडे बघायचा. कॅन्टीन सुरू झालं तेव्हापासून तिथे मावशीच होती.

गुरुवारी डेपोत नवी इलेक्ट्रिशियन आली. चाळिशीची, शिडशिडीत, खिशाला टेस्टर लावलेली. सगळे हात धुऊन बसले. ती पुढच्या टेबलाशी एकटी जेवायला लागली. मावशीचं त्या दिवशी कशातच लक्ष नव्हतं, पण नेहमीसारखी ती समोर जाऊन उभी राहिली.

"मीठ निम्मं पडलंय," इलेक्ट्रिशियन म्हणाली, "आणि रस्सा खाली लागलाय. करपल्याचा वास येतोय."

चार दिवसांची धास्ती मावशीच्या जिभेवर आली. ती फणकारली, "एवढं फटकळ बोलायला शिकवलं कुणी गं तुला?"

हा काही विचारायचा प्रश्न नव्हता. पण बाई विजेच्या कामातली. विचारलं त्याचं नेमकं उत्तर द्यायचं एवढंच तिला ठाऊक.

"वेळवाल्या काकांनी," ती म्हणाली. "सकाळी हजेरी लावताना सांगितलं त्यांनी. मावशींना चव कळत नाही, वासही येत नाही. लाजू नका, सगळं खरं सांगा, त्यांना त्यावर पुढचं करायचं असतं. नव्याचं तेच काम आहे म्हणाले."

मावशीने एकेकाकडे पाहिलं. टायरवाला छताकडे बघत होता, युनियनचा पुढारी नखं बघत होता, आणि पहारेकरी, जो एरवी कशावरही गोष्ट सांगायचा, तो पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला होता. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मावशी वळली, भांडारघरात गेली आणि कांद्याच्या पोत्यावर बसली.

थोड्या वेळाने काका दारात आले. तिने एवढंच विचारलं, की कधीपासून माहीत आहे.

काकांनी सांगितलं, त्या आजारानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून. ते खिडकीशी आले होते. शेगडीजवळ फडकं धुमसत होतं, खोलीभर धूर नसला तरी वास नाकात झोंबत होता, आणि मावशी त्याच्या शेजारी उभी राहून गाणं गुणगुणत कांदा चिरत होती. त्यांनी आत येऊन फडकं नळाखाली धरलं, दोरीवर टाकलं आणि काही न बोलता निघून गेले. मग त्या टायरवाल्याला गाठून सांगितलं, तुला मान म्हणून बसवलेलं नाही, नीट चव घे आणि खरं बोल. त्यानंतर आलेल्या प्रत्येक नव्याला हजेरीच्या खिडकीतच ते सांगत आले होते.

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?"

"डेपोतलं कुत्रं सोडून सगळ्यांना."

"आणि साहेब? त्यांच्या कानावर गेलं तर?"

"अहो, साहेबही एकदा नवे होते ना," काका म्हणाले. "पहिले दोन महिने त्यांनीच तुमचं मीठ सांगितलंय. त्यांनाही मीच शिकवलं होतं."

मावशीला ते आठवलं. नवे साहेब कोट काढून पुढच्या टेबलाशी बसायचे आणि परीक्षेला बसल्यासारखे गंभीर होऊन सांगायचे, किंचित हळद जास्त. ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. घरचा तो चमचा घेऊन उभा राहणारा हावरट नवराही तिला आठवला आणि आपण त्याला काय काय बोललो तेही आठवलं. एवढी वर्षं ती एकटीने दार दाबून धरून उभी होती आणि दाराच्या पलीकडून सगळा डेपो तेच दार दाबून धरत होता. तिला इतकं हलकं वाटलं की आपण आजारातून आत्ता उठलो असं वाटलं.

मग तिला राग आला, कारण राग तिला फार वेळ लांब ठेवता येत नसे. मग फळ्यावर कशाला लिहिलंत, तिने विचारलं, चार दिवस माझा जीव टांगणीला.

काका दारातच उकिडवे बसले. "मी शनिवारी चाललो. नव्यांना यापुढे सांगणार कोण? तुम्हीच सांगायला हवं. तुम्ही आपणहून बोलाल म्हणून रोज विचारत होतो. आज या बाईने सगळं बिंग फोडलं, ते बरंच झालं."

मावशीने पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं, शनिवारी खरं तेच लिहा. आता माझी काही हरकत नाही. सगळं मिटलं एकदाचं.

काका उठले नाहीत. त्यांनी कान खाजवला.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "नवा फक्त जेवण चाखतो, मावशी. चहा कुणीच चाखत नाही."

चहा ती रंगावर करायची. वास येत नाही म्हणून चांगला काळा होईपर्यंत उकळायचा, आणि कडू झाला असेल या भीतीने वर साखर ओतायची. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. दारापलीकडे भिंत होती आणि भिंतीला लागून डेपोचं गटार वाहत होतं. ऊन असो, पाऊस असो.

"एवढी वर्षं?" ती म्हणाली.

काका म्हणाले, काहीजण पितात अजून. टायरवाल्याला तर आता दुसरा चहा चालतच नाही. पण बहुतेकांचा गटारातच जातो. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा कुणी सांगेल. आणि गाडी नजरेसमोर असण्याचं ते? ते मी रचलं होतं, तुम्ही एकदा विचारलंत म्हणून. माझ्या फळ्यावरचं तेवढं एकच खोटं.

मावशी उठली. रश्श्यात मीठ घातलं, करपलेला तळ न ढवळता वरचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात काढला आणि सगळ्यांना जेवू घातलं. कुणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं. जेवणं उरकल्यावर तिने इलेक्ट्रिशियनला स्वयंपाकघरात बोलावलं, हातात चमचा दिला आणि चहाच्या पातेल्याजवळ उभं केलं. बाईने तीनदा चाखला, दोनदा मान हलवली, तिसऱ्यांदा म्हणाली, बस, आता उतरवा.

मावशीला तो चहा फिकट दिसत होता. एवढ्या फिकट चहाची तिलाच लाज वाटली. तरी तिने कप भरले आणि पहिला काकांच्या हातात दिला.

काका सवयीने मागच्या दाराकडे वळले. बाकीचेही कप घेऊन त्यांच्यामागे निघाले. उंबरठ्यावर काकांनी एक घोट घेतला. थांबले. आणखी एक घेतला. मग ते परत फिरले, पुढच्या टेबलाशी आले, नव्याची ती खुर्ची ओढली आणि बसले. त्यांच्यामागची रांग दारातच अडली होती. पहारेकऱ्याने कपात डोकावून एक घोट घेतला आणि तोही मागे आला. मग एकेक करत कॅन्टीनभर खुर्च्या सरकायला लागल्या.

मावशी पातेल्यात चहा किती उरलाय ते बघायला आत गेली.