शिंगाड्यावरच्या अक्षता

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या कारखान्यात रोटरी इंजिनावर प्रयोग चालत. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही. मधे किंचित चेपलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरत राहतो. आम्ही त्याला शिंगाडा म्हणायचो. त्याच्या तिन्ही टोकांना कार्बनच्या बारीक पट्ट्या असत. त्या झिजल्या की इंजिन तेल पितं आणि धूर ओकतं. आमचं यथेच्छ ओकायचं. पण नीट लागलं की खडखड नाही, हिसका नाही, नुसती चढत जाणारी गुणगुण. पुढे साहेबलोकांनी विभाग बंद केला, शिंगाडे भंगारात गेले. ती गुणगुण मी परत ऐकली नाही. आता तर ती होती तशी आठवतेय की मीच सुधारून घेतलीय, याचीही खात्री उरलेली नाही.

म्हणून परवा आमच्या मीरा रोडच्या इमारतीत, लिफ्टमध्ये, शेजारच्या मुलीच्या हातात शिंगाडा दिसला तेव्हा मी माझ्या मजल्यावर उतरायचं विसरलो. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझी जुनी नोकरी तिला ठाऊक आहे.

"काका, तुमच्या वेळी पेट्रोल हवेत मिसळून आत जायचं ना? मग कोपऱ्यात न जळता राहायचं. आम्ही थेट आत फवारतोय. धूर खूप कमी झालाय. आणि बाजूची झाकणं बिडाच्या जड लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची. मी आणि माझी मैत्रीण, दोघी मिळून अख्खं इंजिन उचलतो."

"गाडी पळणार का त्याच्यावर?"

"चाकं विजेवर. हे फक्त बॅटरी भरणार, एकाच वेगात. एका वेगात ठेवलं की शहाण्यासारखं वागतं."

"चालू कधी करताय तुमचा शिंगाडा?"

"शिंगाडा!" ती हसली. "कार्यक्रमात करतोय. तुम्ही याच."

कार्यक्रम भाईंदरला, तिच्या कॉलेजात. प्रमुख पाहुणे केबिन रोडच्या गर्दीत अडकले होते, तेवढ्या वेळात सूत्रसंचालकाने त्यांचा परिचय दोनदा करून दिला. पाहुणे आले आणि या इंजिनामुळे शहर प्रदूषणमुक्त होणार असं सांगून बसले. इंजिन पेट्रोलवर चालतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग पूजा. हार, कुंकू, नारळ. फोटोत छान दिसावं म्हणून हवेचा फिल्टर काढून ठेवला होता. त्या उघड्या तोंडावर पाहुण्यांनी मूठभर अक्षता सढळ हाताने टाकल्या.

मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो होतो. मुलीने स्टार्टरच्या बटणाकडे हात नेला आणि थांबली. वाकून आत पाहिलं.

"सर, अक्षता आत गेल्यात."

"शुभच आहे की," प्राचार्य म्हणाले.

"याला झडपा नसतात, सर. दाणा सरळ शिंगाड्यापाशी जाणार. पट्टीचा टवका उडेल."

"तांदळाने? साहेबांना निघायचंय गं. मिनिटभर फिरव, मग काय ते उघडून बघ."

"ताई, देवाचं आहे ते, काही होत नाही," पाहुणेही म्हणाले.

तिने सभागृहात नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "काका, तुम्ही सांगा. फिरवू?"

माझं मन म्हणत होतं, फिरव. दाणा जळूनही जाईल. मिनिटभर तर ऐकायचंय, आणि या वयात पुढच्या खेपेचा भरवसा कुणी द्यावा? पण माझं मन काही इंजिनिअर नाही.

"उघड," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

पाहुण्यांनी बंद इंजिनाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि ते निघाले. तिने इंजिन वर्कशॉपमध्ये नेऊन झाकण उतरवलं. शिंगाड्याच्या टोकाशीच दोन लालसर दाणे चिकटले होते. पट्टी शाबूत होती. तिने चिमट्याने ते उचलले, फडक्याने सगळं पुसून घेतलं. झाकण परत बसवताना लावायचा लेप मात्र रात्रभर वाळावा लागणार होता.

"उद्या सकाळी आम्ही चालू करतो, काका. रेकॉर्डिंग पाठवते तुम्हाला."

"नको. मोबाईलमधून डास गुणगुणल्यासारखं येईल. मी येतो."

"मग सरांना सांगून खुर्ची ठेवायला लावते."

"खुर्ची नको. सरांना तर मुळीच सांगू नकोस. मी भिंतीशी उभा राहीन."

ती हसून हात पुसायला गेली. सकाळी म्हणजे नेमकं कधी, हे विचारायचं राहूनच गेलं. कॉलेजचं फाटक उघडायच्या आधी जाऊन थांबावं, असं मी ठरवलं.