निळा पट्टा

स्पष्टच सांगतो, ही बाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मला ती भंगार गोळा करणारी वाटली होती.

माझं औषधांचं दुकान आहे. दुकानाच्या वर दोन खोल्या. त्या तिनं भाड्यानं घेतल्या त्याला चारेक दिवस झाले असतील. भर गर्दीत काउंटरशी येऊन म्हणते कशी, "काका, रिकामे खोके टाकून देता का हो? मला द्याल?" म्हटलं, घेऊन जा बाई, माझी कटकट वाचली. दोन दिवसांनी वरच्या नळाचं पाणी दुकानात गळत होतं, ते सांगायला वर गेलो, तर पुढच्या खोलीत एकूण एक खोका उलगडून, सपाट करून, टाचण्यांनी भिंतीवर लावलेला. समोर ही कमरेवर हात ठेवून उभी आणि खोक्यांना शिव्या घालतेय.

"हे बघा काका! औषधाचं नाव नेमकं घडीवर आणून ठेवलंय या गाढवानं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आणि हे करून हा माणूस रात्री शांत झोपला असेल!"

ती ग्राफिक डिझायनर होती. नोकरी नाही; स्वतः काम मिळवायचं, स्वतः करायचं आणि स्वतःच फोनवर भांडायचं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत ती आणि तिची आई. आईला मी मावशी म्हणायचो. हिला दुकानात आम्ही 'वरची' म्हणायचो, आणि ते तिला ठाऊक होतं.

वरचीचं बोलणं जिन्यातून सरळ माझ्या डोक्यावर यायचं. "पाच मिनिटांचं काम आहे तर तुम्हीच करा की!" "लोगो मोठा करू? अजून मोठा? मग बाकीचा मजकूर खोक्याच्या बाहेर लिहू का?" नातेवाईक विचारायचे, "घरीच असते ना ती?" मावशी म्हणायच्या, "घरीच असते, पण घरात नसते." खरंच होतं ते. कामात असली की चहाचा कप शेजारी थंड व्हायचा आणि ही त्यात चुकून ब्रश बुडवायची.

आणि तिची एक सवय होती. नवीन काम आलं की खाली यायची, काउंटरच्या कडेला स्टुलावर बसायची आणि तासन् तास गिऱ्हाइकांचे हात बघायची. चेहरे नाही, हात. कोण कुठल्या खोक्याकडे बोट दाखवतं, कोण खोका डोळ्यांजवळ नेतं, कोण तिरका धरतं. मी वैतागायचो. "अगं, लोकांना वाटतं मी पाळत ठेवायला माणूस बसवलाय!" तर म्हणायची, "गप्प बसा काका, मी कामावर आहे."

अशातच तिला एका औषध कंपनीचं काम मिळालं. एकदम चाळीस खोके. तिनं काय केलं, सगळे खोके पांढरेशुभ्र ठेवले आणि मधून एकच निळा पट्टा. आत स्ट्रिपवरही तोच पट्टा. अक्षरं बारीक, नाजूक. माझ्या फळीवर चाळीस खोके ओळीनं लावले तर तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायचा. दुकानाला शोभा आली हो! कंपनीची विक्री वाढली, हिला कुठल्याशा मोठ्या समारंभात बक्षीस मिळालं. स्टेजवर तिला विचारलं, प्रेरणा कुठून मिळते? ही म्हणाली, "खालच्या काकांच्या स्टुलावरून." मी आठवडाभर मिशीला पीळ देत फिरत होतो, खोटं कशाला बोलू.

मावशी तर काय, दुकानात येऊन अनोळखी गिऱ्हाइकाला सांगायच्या, "तो निळा पट्टा दिसतो ना, तो माझ्या लेकीचा."

दीड वर्ष असं सुखाचं गेलं.

मावशींना सकाळी दोन गोळ्या असायच्या, एक बीपीची, एक शुगरची. दोन्ही त्याच कंपनीच्या. मी स्ट्रिप कापून चार-चार गोळ्यांचे तुकडे द्यायचो, सगळेच देतात. स्ट्रिपवर नाव एकदाच छापलेलं; ते कुठल्या तरी एका तुकड्यावर जायचं, बाकीच्या तुकड्यांवर नुसता निळा पट्टा. लागोपाठ दोन दिवस मावशींच्या पोटात दोन्ही गोळ्या शुगरच्याच गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला स्वयंपाकघरात घामानं चिंब होऊन खाली बसल्या आणि पोटच्या पोरीला ओळखेनात. "तू कोण?" म्हणाल्या. वरचीची जी किंकाळी ऐकली, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

दवाखान्यात नेलं. तीन दिवसांत मावशी शुद्धीवर, ताळ्यावर, सगळ्यावर आल्या. मी भेटायला गेलो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे आधी रागावलो. "मावशी, चष्मा लावायला काय झालं होतं?"

मावशी म्हणाल्या, "अरे, कशाला लावू? निळा पट्टा दिसला की हात आपोआप जातो. लेकीनं केलेलं आहे, त्यात काय वाचायचंय?"

वरची पाठीमागे दारात उभी होती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली आणि भिंतीला टेकली.  

मावशींना घरी आणल्यावर ती दुकानात आली आणि घरातले सगळे तुकडे काउंटरवर ओतले. "यात बीपीची कुठली, सांगा." मी चष्मा पुसला, तुकडे उजेडात धरले, उलटेपालटे केले. वीस वर्षं हा धंदा करतोय मी. मला वेळ लागला.

"चूक माझीही आहे," मी म्हटलं. "मी कापतो."

"तुम्ही कापणार हे मला माहीत होतं ना! याच स्टुलावर बसून रोज बघत होते. आणि तरी मी तो पट्टा सुंदर दिसावा म्हणून नाव बारीक केलं." मग डोळे पुसून म्हणाली, "आता बघतेच मी."

अकरा दिवस तिनं फोन उचलला नाही. बारा खोके नव्यानं केले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. प्रत्येक आजाराला वेगळा रंग, प्रत्येक गोळीच्या पाठीमागे त्या औषधाचं नाव, मोठ्या अक्षरात. कुठूनही कापा, नाव हातात राहणारच. तेवढ्यात कंपनीचाच निरोप आला. सहा नवीन औषधं येतायत, तोच पट्टा हवा आणि पुढच्या वर्षभराचं सगळं काम तिच्याकडेच. तिचं निम्म्याहून जास्त काम आधीच त्या कंपनीचं. म्हणजे नुसती मान डोलवायची आणि वर्षभर निवांत राहायचं.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," ती मला म्हणाली. "विकता तुम्ही."

गेलो. काचेचं टेबल, अंगात हुडहुडी भरेल इतका एसी. पलीकडे कंपनीचे मालक, वयस्क, बोलायला गोड. शेजारी मार्केटिंगचा साहेब, त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे. हिनं नवे खोके मांडले. मालकांनी कौतुकानं पाहिले आणि म्हणाले, "छान आहेत. पण आपली ओळख जाईल हो. एक कंपनी, एक पट्टा, हे तुम्हीच तर आम्हाला पटवलं होतं!"

"पटवलं होतं. आता मीच सांगतेय की ते चुकलं."

मग तिनं पर्समधून कापलेले चोवीस तुकडे काढून टेबलावर पसरले. मालक स्वतः बीपीची गोळी घेतात, हे तिला माहीत होतं. "साहेब, चष्मा काढा आणि तुमची गोळी उचला."

मी मनात म्हटलं, झालं, आता यांची फजिती. मालकांनी चष्मा काढला, दोन बोटं फिरवली, एक तुकडा उचलला. आणि तो नेमका बीपीचाच निघाला!

मार्केटिंगवाला खो खो हसला. मालकही हसले. माझं तोंड पडलं. वाटलं, काढता पाय घ्यावा.

वरची हसली नाही, चपापलीही नाही. म्हणाली, "बरोबर. माझ्या आईनंही दीड वर्ष रोज बरोबरच उचलली होती."

हसणं थांबलं. मालकांनी तो तुकडा हळूच खाली ठेवला. मार्केटिंगवाला मात्र खमका. "मॅडम, भावनेवर धंदा चालत नाही. लोकांनी वाचून घ्यायचं असतं. आणि पट्टा कंपनीच्या मालकीचा आहे. तुम्ही नाही केलं तर दुसरे डिझायनर रांगेत उभे आहेत."

"मग बोलवा त्यांना. हे सहा खोके मी करणार नाही. या हातानं तर नाहीच."

"वर्षाचं काम सोडताय," मालक म्हणाले. खरं वाईट वाटत होतं त्यांना, पण ते खुर्चीतून हलले नाहीत. "घरी जाऊन विचार करा."

"घरातूनच करून आलेय," ती म्हणाली आणि खोके गोळा करायला लागली. मी त्या खोलीत एक शब्दही बोललो नाही. त्यांच्या मालावर मला चांगली सूट मिळायची, म्हणून जीभ टाळ्याला चिकटली. त्याची लाज मला अजून वाटते.

दोन महिन्यांत ते सहा खोके माझ्या फळीवर आले. निळा पट्टा, दुसऱ्या कुणाच्या हातचा. वरचीच्या नशिबी शिकवणीची पत्रकं, केकचे खोके, सलूनचे दरफलक. तिचं बक्षीस जड होतं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिनं ते दाराशी जमिनीवर टेकवून ठेवलं होतं. आणि एक दिवस ती एक गठ्ठा घेऊन खाली आली. कागदी पाकिटं. मी कापलेल्या स्ट्रिप ज्यात घालून देतो ती, पण हिनं केलेली. लाल पाकिटावर अंगठ्याएवढ्या अक्षरात 'बीपी', पिवळ्यावर 'शुगर'. शिवाय बीपीच्या पाकिटाचे दोन कोपरे कापलेले, शुगरचा एक.

"कोपरे कशाला?"

"उजेड नसतो, चष्मा सापडत नाही. बोटांना तर कळेल! तुकडा पाकिटात तुम्ही बघून घालायचा. तुम्ही चुकलात तर गाठ माझ्याशी आहे."

"माझं दुकान आहे की शिशुवर्ग?" मी कुरकुरलो. पण दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं तीच पाकिटं मागायला लागली. मग पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानदारानं मागितली. मग आणखी तिघांनी.

आणि मग तो मार्केटिंगवाला आला. तणतणत. "आमची स्ट्रिप तुम्ही या लाल-पिवळ्यात लपवता? पट्टा दिसायला हवा! हे बंद करा, नाहीतर सूट बंद."

या वेळी माझी जीभ सुटली. "बंद करा सूट! आणि नीट ऐका. त्या पट्ट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारी एक म्हातारी वर राहते. तिनं दोन दिवसांत स्वतःच्या मुलीचं तोंड विसरून दाखवलंय. पाकीट जाणार नाही. तुम्ही निघा, मागे गिऱ्हाईक उभं आहे."  सूट गेली. जाऊ दे.

परवाचीच गोष्ट. मावशी आता खाली येऊन स्टुलावर बसतात. दोन्ही पाकिटं मांडीवर घेतली, डोळे मिटले, बोटानं कोपरा चाचपला आणि ऐटीत म्हणाल्या, "एक कोपरा, शुगर! बघितलंस? माझ्या लेकीनं केलंय, मला बघायचीसुद्धा गरज नाही."

वरची माझ्याशी हिशेबाचं काहीतरी बोलत होती. ती तिथल्या तिथे वळली, आईच्या समोर खाली बसली, पदरात अडकलेला चष्मा सोडवून तिच्या नाकावर ठेवला.

"कोपरा अंधारासाठी आहे, आई. आत्ता उजेड आहे," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस गं. वाच."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग पाकीट डोळ्यांसमोर धरलं आणि भर दुकानात, मोठ्यानं, अक्षरावर बोट ठेवून वाचलं.