उतारावरचा राखणदार

आमच्या गावातून म्हापशाला जायचं तर आधी म्हापशाकडे पाठ करावी लागते. हायवे रुंद झाल्यापासूनची ही गंमत. घरातून निघालं की उलट दिशेने पत्रादेवीकडे जायचं, पुलाखालून वळायचं, सर्व्हिस रोडने परत आपल्याच गावासमोरून यायचं आणि जिथे पुलावरची वाहनं सुसाट खाली उतरतात, नेमकं तिथेच हायवेत घुसायचं. वर एक भली मोठी पाटी आहे. तिच्यावर पणजीचा बाण आणि विमानतळाचा बाण, दोन्ही आभाळाकडे. भाड्याच्या गाडीतले पर्यटक ती वाचायला भर उतारावर ब्रेक मारतात. फोनमधली बाई त्यांना अजून जुन्याच रस्त्याने नेत असते.

हा नकाशा ज्याने काढला त्याला मी रोज मनातल्या मनात शिव्या घालत असे. नोकरी म्हापशात, त्यामुळे शिव्या घालायला रोज दोन खेपा मिळत. पण खरी धास्ती मला माझी नव्हती, बाबांची होती.

बाबांनी उभी हयात डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला आणि ते पेडण्याला घरी आले. येताना ट्रकवाल्यांची एक सवय मात्र सोबत घेऊन आले. वाटेत राखणदार लागला की थांबायचं. राखणदार म्हणजे वेशीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची राखण करणारा देव. त्याला देऊळ नाही, शिखर नाही. वडाखाली एक पाषाण, पुढ्यात पणती, कोणी ठेवलेली विडी. त्याला हात जोडल्याशिवाय गाडी पुढे काढली आणि वाटेत काही झालं, तर दोष कोणाचा, असा बाबांचा सवाल असे.

रस्ता रुंद करायला माणसं आली तेव्हा आमच्या राखणदाराला हलवायची बोलणी झाली होती. गावाने कौल लावला, देवाने नको म्हटलं. मग रस्त्यानेच जरा अंग चोरलं. आता हा देव पुलाचा उतार आणि सर्व्हिस रोड यांच्या बेचक्यात, म्हणजे दोन रस्ते एकमेकांत घुसतात त्या टोकावर बसलेला आहे. अर्धा गाव तिथे थांबतो. बाबा तर स्कूटर उभी करत, चपला काढत आणि देवासमोर डोकं झाकलेलं नको म्हणून हेल्मेटही काढत. सबंध वाटेत जिथे हेल्मेटची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ते हँडलला लटकत असे.

शुक्रवारच्या बाजाराला मी सुट्टी असली की त्यांच्या मागे बसून जायची. ते डोळे मिटून पुटपुटत उभे राहत आणि मी पुलाकडे तोंड करून वरून काय येतंय ते बघत राही. पुटपुटणं बरंच लांबे. घरादाराचं, पोराबाळांचं सगळं सांगून होत असावं, असं मी धरून चालले होते.

अशाच एका शुक्रवारी वरून एक पांढरी गाडी आली. चालवणारा पाटी वाचत होता. त्याला आम्ही दिसलो तेव्हा फार उशीर झाला होता. टायर किंचाळले, रबर जळल्याचा वास आला आणि गाडी आडवी होऊन थांबली. तिचा आरसा बाबांच्या स्कूटरच्या आरशाला टेकला होता. चालवणारा पोरगा पांढराफटक पडून सॉरी सॉरी म्हणत राहिला. बाबांनी वाकून चपला घातल्या.

"पळय, राखलें गो तेणें," पाषाणाकडे बोट दाखवून ते मला म्हणाले.

मला इतका राग आला की बाजारात मी त्यांच्या दहा पावलं पुढेच चालत राहिले. घरी आल्यावर मात्र तोंड सोडलं. "बाबा, तो राखता म्हूण तू तेका रोज कामाक लायतलो?"

"मगे हात जोडल्याबगर फुडें कसो वचूं?" एवढंच त्यांचं उत्तर. आईने मध्ये पडून पाहिलं, मी अबोला धरून पाहिला. बाबा ढिम्म. ते माझं ऐकणार नव्हते, आईचं ऐकणार नव्हते आणि पाटीचं तर नाहीच. ते फक्त एकाचं ऐकत. मग मी त्या एकाकडेच जायचं ठरवलं.

गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान मूळ घराण्यातल्या एका म्हाताऱ्या गावकारांचा. त्यांना जाऊन मी सगळं सांगितलं. सर्व्हिस रोडला लागायच्या आधी, गावातल्या फाट्यावर, वाहनांचा त्रास नाही तिथून देवाला हात जोडले तर चालतील का, एवढं विचारा म्हटलं. गावकार म्हणाले, "विचारूया. ना म्हणलो जाल्यार माका दोश दिवं नाका."

रविवारी सकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला रिकामे ड्रम लावून उभे राहिलो. पाषाणाला पाण्याने दोन पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावकारांनी हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, रस्तो आतां पयलेसारको रवंक ना. तुज्या दारात तुजीं लेकरां उबीं रवतत आनी वयल्यान गाड्यो येतत. आजपसून तीं फाट्यार रावून हात जोडतलीं. ती सेवा मानून घी आनी तेंची राखण कर, महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. पण त्या ओल्या पाकळीकडे मी जेवढ्या जिवाच्या आकांताने पाहिलं, तेवढं परीक्षेच्या निकालाकडेही पाहिलं नव्हतं. डावी जरा घसरली. ती तिथेच अडकून राहिली आणि उजवी टपकन खाली पडली. मी आईचा हात एवढा घट्ट धरला होता की तिची बांगडी मला रुतली.

पुढच्या शुक्रवारी बाबांनी फाट्यावर स्कूटर थांबवली. चपला काढल्या, हेल्मेट काढलं, हात जोडले. पटकन झालं. हेल्मेट परत डोक्यावर चढलं, पट्टा लागला. बेचक्यापाशी आलो तेव्हा मी सवयीने पुलाकडे मान वळवली. बाबांनी तीनदा हॉर्न दिला, आरशात बघितलं आणि न थांबता हायवेला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते वाहू दिलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

म्हापशात स्कूटर लावताना त्यांनी माझं तोंड पाहिलं.

"रडटा कित्याक गो?"

"भियेतालें मरे बाबा. थंय तू उबो रवतालो तेन्ना माजो जीव वतालो."

ते किल्ली खिशात टाकत म्हणाले, "माजेय पांय कांपताले, बाय. दर खेपे. पूण देवाक कसो सांगतलों, तुज्या दारात माका भंय दिसता म्हूण?"

मी डोळे पुसले. "मगे इतलो वेळ थंय मागतालो तरी कितें?"

"कितें मागतलों? ह्या उतारावयल्यान सुखरूप सुटूं दी म्हूण."

मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि आम्ही मिरच्या घ्यायला बाजारात शिरलो.