वालांचा क्रम

लोखंडी चावीचा दांडा पाण्याच्या वालावर टेकवून तो वरच्या टोकाला कान लावायचा. डोळे मिटायचा. "थांबा, हवा निघू द्या," म्हणायचा आणि मग हळूच चावी फिरवायचा. तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. नळ कोरडा राहिला की तेवढ्यापुरताच तो तुम्हाला आठवत असेल.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात तो ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. वीसेक वर्षं. तरी कर्मचारी म्हणून नोंदवहीत त्याचं नाव चढलं नव्हतं. चार सरपंच बदलले. प्रत्येकजण म्हणाला, "पुढच्या सभेत घेतो."

पाचव्यानं फर्मावलं, आधी माझ्या आळीचा वाल खोल. हा म्हणाला, "खालचा आधी खोलला तं टेकडीवर पाणी चढतच नाई, सरपंच." त्यात राजकारण काही नव्हतं. पण "उद्यापासून येऊ नको" ऐकावं लागलं, म्हणून तो आमच्या संघटनेच्या बैठकीत आला. आम्ही निवेदन घेऊन धडकलो, सरपंच नरमला. तेव्हापासून हा सायकलवर गावोगाव फिरायला लागला. शिपाई, झाडूवाली, पाणी सोडणारा, सगळ्यांना एकच सांगायचा, "आपलं नाव वहीत पायजे. बस."

माझं पत्रक मी त्याला वाचून दाखवलं. शोषण, व्यवस्था, एल्गार, सगळं होतं त्यात. शांतपणे ऐकून म्हणाला, "पोरी, लय हवा हाय ह्यात. निघू दे. मंग पाणी येईन."

मला राग आला. पण तीन परिच्छेद खोडले.

मग ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचा संप झाला. तालुक्याला कचेरीसमोर मांडव पडला. त्याच्या गावच्या पाइपलाइनीचा नकाशा कुठेच नव्हता. आधी हवेचा वाल, मग टेकडीचा, मग खालचे, हा क्रम फक्त त्याच्या डोक्यात होता. मी माइकवरून ओरडले, "तीच आपली ताकद आहे!" टाळ्या पडल्या.

सरपंचानं गावातलाच एक माणूस पाणी सोडायला लावला. दोन लेकरांचा बाप, तोही कामाला मोताद. तिसऱ्या दिवशी त्यानं हवा न काढताच टेकडीचा वाल खोलला आणि लाइन फुटली. मांडवात फोन आला. हा उठला.

"काका, उठू नका."

"बाया झिऱ्यावर गेल्या म्हणते पाण्याले."

"जाऊ द्या ना! त्यासाठीच तर संप आहे."

"संप सरपंचासंग हाय, पोरी. लाइनीसंग नाई."

संध्याकाळी परतला, आपल्याच जागी बसला. नखांत चिखल.

"जोडली. अन् त्याले सगळे वाल दाखवले. आता नाई फोडत."

"क्रम शिकवलात तुम्ही त्याला?"

"मंग? पुन्हा फोडली असती त्यानं."

"काका, अख्खा संप त्याच्या हातात देऊन आलात!" सगळ्यांसमोर बोलले. तो पायजम्याला हात पुसत राहिला. मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

आठवड्यात तडजोड झाली. नोंदवहीत नाव असलेल्यांना परत कामावर घ्यायचं. आम्ही गुलाल उधळला. गर्दीतून वाट काढत तो माझ्यापाशी आला. "अन् माहं?"

"पुढच्या टप्प्यात घेऊ, काका," मी म्हणाले. होय, मीच म्हणाले.

गावात आता त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. काही दिवसांनी बायकोला घेऊन तो कारंज्याकडे कापसाच्या एका जिनिंगवर कामाला गेला म्हणतात. फोन लागत नाही.

परवा मी त्या गावात गेले. नवा माणूस वालाच्या खड्ड्यात वाकला होता. क्रम बरोबर, घाई नाही. नाव त्याचंही वहीत नाही. मी सभासदाचा फॉर्म पुढे केला.

"ताई, मी संपावर बसलो तं सरपंच तिसरा आणन."

"आणू द्या. त्याला क्रम कुठे माहीत आहे?"

"लाइन फुटली की मलेच जाऊन दाखवा लागन ना," तो म्हणाला. हसला नाही.

मी फॉर्म पिशवीत ठेवला. टेकडीवर नळ आले होते. वरून कोणी बाई त्याला हाका मारत होती, धार बारीक आहे म्हणून.